सण, सुट्टी आणि भरतीची वेळ

शनिवार-रविवारला जोडून एखादा सण आला की मुंबईचा चाकरमानी पिशवी भरून निघालाच म्हणून समजा. कुणाला अलिबागकडच्या मित्राने बोलावलेले असते, कुणी खाडीपलीकडच्या शाळासोबत्याकडे निघालेला असतो. सडका झाल्या, पूल झाले, तरी किनाऱ्यावर होडीची वाट अजून मोडलेली नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच जाते, गेटवेहून मांडव्याला जाते. मार्च २०२० पासून मांडव्याला मोटारी वाहून नेणारी रो-रो बोटही सुरू झाली. दाभोळ-धोपावे, आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला या खाड्यांवर फेरीबोटी आहेत. एस.टी.ला घड्याळ पुरते. पाण्याच्या वाटेने जायचे तर घड्याळाबरोबर चंद्रही पाहावा लागतो.

आणि आपले बहुतेक सण तिथीवर, म्हणजे चंद्रावरच बसलेले! तेव्हा सणाचे नाव सांगितले की त्या दिवशी पाणी केव्हा भरेल, हे बरेचसे सांगता येते.

अवसेला आणि पुनवेला मुंबई बंदरात दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास पूर्ण भरती असते. पुढे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, तशी भरतीही मागे मागे पडते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब याहून सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीचा तास निघतो. गुरुजी, पूर्वी शाळेत पाऊणकी घोकून घेत, तिचा असाही उपयोग होता बरे का! चाराची पाऊणपट तीन. म्हणजे गणेश चतुर्थीला दुपारी तीनला भरती आणि पहाटेही तीनला. मधली ओहोटी सकाळी नऊला. दसऱ्याची दशमी, दहाची पाऊणपट साडेसात. सकाळ-संध्याकाळ साडेसातला पाणी भरलेले आणि दुपारी दीडला उतरलेले. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हाच हिशेब चालतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दक्षिणेकडे रत्नागिरी-मालवणला मुंबईच्या थोडी आधी भरती लागते, तर खाडीतून आत आत जावे तशी ती उशिरा पोचते. नेमकी वेळ छापील कोष्टकात पाहावी किंवा धक्क्यावर विचारावी.

अवस-पुनवेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून पाणी फार चढते आणि तितकेच खाली जाते. हे उधाण. मोठ्या उधाणाला मुंबईत पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. अष्टमीच्या आसपास ओढ विभागली जाते, चढउतार कमी होतो. त्याला कोळी भांग म्हणतात. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. सहा तासांत पाणी एकसारखे चढत नाही. पहिल्या तासात जेमतेम हलते, तिसऱ्या-चौथ्या तासात निम्मी मजल मारते, शेवटी पुन्हा मंदावते. खाडीकाठच्या शाळेने एका बांबूवर खुणा करून तो पाण्यात रोवावा आणि मुलांना तासातासाला आकडे टिपायला लावावेत. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ते पक्के बसेल.

आता पाहुणे केव्हा निघाले तर बरे? गणेश चतुर्थीला सकाळी नऊला रेवसच्या खाडीत पाणी उतरलेले असते. तिथे गाळ साचतो आणि ओहोटीला लाँचचे जाणे-येणे अडते. तीच माणसे दुपारी निघाली तर चढत्या पाण्याबरोबर जातील. गणपती लवकर आले असतील तर गेटवेची पावसाळ्यात बंद ठेवलेली लाँच सुरू झाली की नाही, हेही आधी विचारावे.

खरी अडचण जाताना नसते, परतताना असते. होळीचेच पाहा. पुनव असते, बाराला भरती. जेवणे आटोपतात, गप्पा रंगतात, आणि तीन-साडेतीनला पाहुणा छोट्या होडीत बसतो. त्या वेळी ओहोटीचे पाणी सर्वांत जोरात खाडीबाहेर धावत असते, आणि समुद्रावरून खारा वारा नेमका समोरून येत असतो. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. खाडीच्या मुखाशी लाटा आखूड आणि उभ्या उठतात. आत गावच्या धक्क्यावर पाणी कसे शांत दिसते! म्हणून तर माणूस फसतो. अशा वेळी तांडेल ‘जरा थांबू या’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. उद्याची हजेरी त्याला कळत नाही असे थोडेच आहे?

सुट्टीची गर्दी हा दुसरा धोका, आणि तो चंद्राने आणलेला नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अवसेला, ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. पुढे श्रावण लागणार म्हणून घरी जाऊन जेवायचे, भेटायचे, अशी गर्दी होती. पाऊस-वाऱ्यात बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी कळायला दुपार उलटून गेली. रायगडच्या किनाऱ्यावर आजही ही आठवण निघते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला चाललेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली, तेव्हा ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या त्या बोटीत शंभराहून अधिक माणसे होती. धडकेत दोष प्रवाशांचा नव्हता. पण बोट बुडू लागली की जादा बसलेल्या प्रत्येक माणसासाठी लाइफ जॅकेट कोठून आणायचे?

म्हणून होडीत चढण्यापूर्वी किती माणसांची परवानगी आहे, हे पाटीवर वाचावे. माणसे जास्त झाली असतील तर आपण उतरावे, मागच्या फेरीने जावे. जॅकेट डोक्याखाली उशीला न घेता अंगात घालावे, पोरांना आधी. आणि लाट आली, पाणी उडाले, तरी सगळ्यांनी एका अंगाला धावू नये. होडी लाटेपेक्षा त्यानेच लवकर कलते.

यात यजमानाचेही काम आहे. बोलावणे धाडताना ‘चतुर्थीला या’ एवढ्यावर थांबू नये. ‘तीनची भरती आहे, दुपारी पोचाल असे निघा’ हेही कळवावे. निघायच्या दिवशी ‘आणखी एक चहा’ म्हणून पाहुण्याचे पाणी चुकवू नये. आणि चुकलेच, तर त्याला सुकतीला होडीत न बसवता सरळ अंथरूण घालावे. रात्रीचे एक पान जास्त वाढले, एवढेच.