सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतन आणि योग्य वकिलाची निवड

सराफी पेढी असो, धान्याची आडत असो किंवा कापडाचे मोठे दुकान असो, दारावरचा पहारेकरी पुष्कळदा माजी सैनिक असतो. पंधरा-सतरा वर्षे सैन्यात काढून ऐन चाळिशीच्या आसपास तो गावी परततो आणि प्रपंचासाठी दुसरी चाकरी धरतो. त्याची सचोटी मालक जाणून असतो. मात्र त्याचा अधू गुडघा, मंद झालेली श्रवणशक्ती किंवा सेवेत असताना जडलेला रक्तदाब यांचा त्याच्या निवृत्तिवेतनाशी काही संबंध असू शकतो, हे मालकाला ठाऊक नसते आणि कित्येकदा त्या सैनिकालाही नसते. सैनिकाचा विकार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, अशा आशयाचे इंग्रजी पत्र त्याला एकदा आलेले असते. ते अंतिम समजून तो ते ट्रंकेत ठेवून देतो आणि वर्षे उलटतात.

हक्काचे स्वरूप

अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी मुख्यतः दोन अटी आहेत. विकार किंवा इजा लष्करी सेवेमुळे झालेली अथवा सेवेमुळे बळावलेली असावी, आणि अपंगत्वाचे प्रमाण २० टक्के किंवा त्याहून अधिक असावे. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के इतका अपंगत्वाचा भाग मिळतो आणि त्याखाली प्रमाणानुसार. समजा, एखाद्याचे हिशेबात धरावयाचे शेवटचे वेतन ३०,००० रुपये आहे. शंभर टक्क्यांना ९,००० रुपये, तर वीस टक्क्यांना १,८०० रुपये होतात.

येथे एक महत्त्वाची तरतूद आहे. ३१ जानेवारी २००१ च्या शासकीय पत्रानुसार अपंगत्व पन्नास टक्क्यांहून कमी असल्यास ते पन्नास, पन्नास ते पंचाहत्तर असल्यास पंचाहत्तर आणि त्याहून अधिक असल्यास शंभर टक्के धरले जाते. हा लाभ आरंभी केवळ अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांनाच दिला जात असे. सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात १० डिसेंबर २०१४ रोजी तो सेवेची मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. वरील उदाहरणातील १,८०० रुपयांचे त्यामुळे ४,५०० रुपये होतात. महागाई भत्ता वगळूनही वर्षाला ३२,४०० रुपयांचा हा फरक आहे.

नकाराचे पत्र अंतिम नसते, हे धरमवीर सिंह प्रकरणातून दिसून येते. सिग्नल्स दलातील या जवानाला सुमारे नऊ वर्षांच्या सेवेनंतर १९९४ साली अपस्माराच्या कारणाने घरी पाठविण्यात आले आणि विकार प्रकृतिजन्य ठरवून निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे, विकार सेवेशी निगडित नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे द्यावीत, असे त्यात म्हटले आहे. मात्र २०१९ साली नरसिंह यादव प्रकरणात, मानसिक विकाराच्या बाबतीत, केवळ भरतीच्या वेळी नोंद नव्हती एवढ्यावर दावा मान्य करण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. म्हणजे निकाल कागदपत्रांवर ठरतो, आणि ती नीट वाचणारा वकील येथेच आवश्यक ठरतो.

वकिलाकडे जाण्यापूर्वी

दावा नाकारल्याच्या पत्रापासून साधारणतः सहा महिन्यांत पहिले अपील आणि ते फेटाळल्यास पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील करता येते. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात यांसाठी आहे. एक न्यायिक सदस्य आणि एक निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी असे पीठ सुनावणी करते. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करावयाचा असतो. अपिलाला सहा महिने उत्तरच न आल्यास पुढील सहा महिन्यांत अर्ज करता येतो. उशीर झाला असल्यास सबळ कारण दाखवून विलंबमाफी मागता येते.

तथापि विलंबाची किंमत असते. तरसेम सिंह प्रकरणातील २००८ च्या निकालानुसार, उशिरा दावा करणाऱ्यास थकबाकी सामान्यतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. व्यापारी कुटुंबातील कोणीही हा हिशेब सहज करील. तीन वर्षे उलटल्यावर घरी बसून काढलेला प्रत्येक महिना म्हणजे थकबाकीतून कायमचा वजा झालेला एक महिना.

भेटीपूर्वी कागदपत्रांची जुळवाजुळव करावी. सेवामुक्तीचे पुस्तक, निवृत्तिवेतनाचा आदेश, सेवामुक्तीच्या वेळच्या वैद्यकीय मंडळाची कार्यवाही, लष्करी रुग्णालयातील कागद, नेमणुकीच्या ठिकाणांची यादी आणि नकाराचे पत्र यांचा त्यात समावेश असावा. वैद्यकीय मंडळाची कार्यवाही हाती नसल्यास आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकाराखाली अर्ज करावा. त्याचे शुल्क दहा रुपये असून उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.

वकील कोठे आणि कसा शोधावा

जिल्हा न्यायालयात जमिनीचे किंवा धनादेशाचे खटले उत्तम चालविणारा वकील लष्करी निवृत्तिवेतनातही निष्णात असेलच असे नाही. चौकशीचा प्रारंभ जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापासून आणि आपल्या रेजिमेंटच्या माजी सैनिकांपासून करावा. ज्याचा दावा मंजूर झाला आहे अशा माजी सैनिकाचा अनुभव फलकावरील अक्षरांहून अधिक विश्वासार्ह असतो. न्यायाधिकरणाचे निकाल त्याच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळतात आणि त्यांत वकिलांची नावे असतात. कोण खरोखर ही कामे करतो, हे त्यावरून पडताळता येते.

पहिल्या भेटीत काही प्रश्न संकोच न करता विचारावेत. या प्रकरणाला १९८२ चे, २००८ चे की २१ सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेले नियम लागतील? अडचण विकाराच्या कारणाची आहे की टक्केवारीची? अपिलांच्या पायऱ्या पूर्ण झाल्या आहेत का? विलंबमाफीचा अर्ज लागेल का? सुनावणीला वकील स्वतः उभे राहतील की सहकारी? वैद्यकीय मंडळाचे कागद न वाचताच यशाची हमी देणाऱ्यापासून दूर राहावे. दावा दुर्बळ आहे हे स्पष्ट सांगणारा वकील अशिलाचा पैसा वाचवीत असतो.

शुल्काबाबत नियम स्पष्ट आहे. वकिलाने निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरवू नये किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घेण्याचा करार करू नये, असे भारतीय विधिज्ञ परिषदेचे नियम सांगतात. म्हणून अर्ज, प्रत्युत्तर आणि सुनावणी यांचे मिळून शुल्क किती, ते कोणत्या हप्त्यांत द्यावयाचे आणि प्रवास व टंकलेखनाचा खर्च कोणी करावयाचा, हे लिहून घ्यावे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. वकीलपत्र वाचल्याशिवाय सही करू नये आणि मूळ कागद न देता प्रती द्याव्यात.

थकबाकीतील टक्क्यांवर काम करून देतो म्हणणारे मध्यस्थ गावोगाव आढळतात. ते कोरे धनादेश किंवा एटीएम कार्ड ठेवून घेतात. १८७१ च्या पेन्शन कायद्याच्या बाराव्या कलमानुसार पुढे मिळावयाच्या निवृत्तिवेतनासंबंधी आधी केलेले हस्तांतरण व करार निरर्थक ठरतात. परंतु सही केलेला कोरा धनादेश एकदा हातातून गेला की कायद्याचे हे संरक्षण मिळविण्यासाठी दुसरा खटला लढावा लागतो.

शुल्क परवडत नसेल तर

न्यायाधिकरणापुढे अर्जदार स्वतःही बाजू मांडू शकतो. मात्र वैद्यकीय मुद्द्यांमुळे ते सोपे नसते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाखाली स्त्रिया, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. इतरांना उत्पन्नमर्यादेत राहून तो मिळतो. दिवंगत सैनिकाच्या पत्नीलाही स्त्री म्हणून हा आधार आहे. दिव्यांग म्हणून अर्ज करावयाचा असल्यास मात्र लष्करी मंडळाची टक्केवारी पुरेशी न मानता स्वतंत्र दिव्यांगत्व प्रमाणपत्राची चौकशी करावी. यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० या क्रमांकावर विचारणा करावी. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये वीर परिवार सहाय्यता योजनाही सुरू केली असून, सैनिक मंडळांच्या कार्यालयांत विधी सहाय्य केंद्रे असावीत असा तिचा हेतू आहे.

पेढीवर कागद वाचणारा, तारखा सांभाळणारा आणि हिशेब मांडणारा कोणीतरी असतोच. त्याने पहारेकऱ्याच्या ट्रंकेतील कागद एका रविवारी तारखेच्या क्रमाने लावून दिले, माहिती अधिकाराचा अर्ज लिहून दिला आणि सुनावणीच्या दिवशी मालकाने त्याला पगारी रजा दिली, तर वकिलाचे निम्मे काम सुकर होते. यात कोणावर उपकार करण्याचा प्रश्न नाही. न मिळालेली बाकी तिच्या खऱ्या मालकाच्या खाती जमा व्हावी, इतकाच हा व्यवहार आहे.