उष्ण हवामानात इंजिन तेल किती दाट असावे?

छत्तीसगडमधील भिलाई परिसरात उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अशा हवामानात इंजिन तेल जितके दाट तितके उत्तम, असा समज प्रचलित आहे. आधुनिक मोटारींच्या बाबतीत तो चुकीचा ठरतो आणि त्याची किंमत इंजिनाच्या दुरुस्तीतून मोजावी लागते.

बाहेर ऊन असो वा थंडी, इंजिन तापल्यानंतर थर्मोस्टॅट शीतक द्रवाचे तापमान साधारणपणे ९० अंशांच्या आसपास राखतो. त्यामुळे तेलाचा दाटपणा ठरविताना हवामानापेक्षा इंजिनाची रचना अधिक महत्त्वाची असते. सुट्या भागांमधील फट अरुंद असल्यास अतिदाट तेल वेळेवर पोहोचत नाही, शिवाय इंधनही अधिक लागते. उलट, गरजेपेक्षा पातळ तेलाचा थर तुटून धातूची झीज होते.

आकड्यांचा अर्थ

डब्यावरील ‘५डब्ल्यू-३०’ या दर्जातील ‘डब्ल्यू’ म्हणजे हिवाळा. त्याआधीचा आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत अधिक प्रवाही राहते. नंतरचा आकडा तापलेल्या तेलाचा दाटपणा दर्शवितो. तो १०० अंशांवर मोजला जातो. काही नव्या पेट्रोल मोटारींना ‘०डब्ल्यू-२०’ पुरते, तर अनेक जुन्या इंजिनांसाठी ‘२०डब्ल्यू-४०’ किंवा ‘१५डब्ल्यू-४०’ सुचविलेले असते. वाहनासोबतच्या पुस्तिकेत तापमानानुसार एकाहून अधिक दर्जे दिलेले असतील, तर उन्हाळ्यासाठी त्यांतील दाट तेल निवडता येते.

दाटपणाइतकीच गुणवत्ताही महत्त्वाची आहे. ‘एपीआय’ या अमेरिकी संस्थेच्या वर्गवारीत ‘एस’ हे अक्षर पेट्रोल इंजिनासाठी, तर ‘सी’ डिझेल इंजिनासाठी असते. पेट्रोल गटात २०१० मध्ये ‘एसएन’, २०२० मध्ये ‘एसपी’ आणि २०२५ मध्ये ‘एसक्यू’ हा दर्जा आला. देशात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाल्यानंतर डिझेल मोटारींमध्ये काजळी अडविणारी गाळणी सर्रास दिसू लागली. जादा राख सोडणाऱ्या तेलामुळे ती तुंबते. म्हणून अशा मोटारींना कमी राखेचे तेलच आवश्यक असते.

वापरही पाहावा

कोहका वस्तीतून बाजारापर्यंत किंवा पोलाद कारखान्यापर्यंतच रोज धावणाऱ्या मोटारीचे तेल पुरेसे तापत नाही. त्यात बाष्प आणि न जळालेले इंधन साचते. नागपूरपर्यंतच्या सलग प्रवासात मात्र ते उडून जाते. त्यामुळे कमी धावणाऱ्या गाडीचे तेल टिकते, हा समजही फसवा आहे. किलोमीटर आणि महिने यांपैकी जी मर्यादा आधी पूर्ण होईल, तेव्हा तेल बदलणे योग्य होय. धूळ आणि कमी अंतराच्या फेऱ्या यांसाठी अनेक पुस्तिकांत याहून कमी मुदत दिलेली असते.

खरेदी करताना डब्याचे मोहोरबंद झाकण तपासावे. रिकामा डबा निकामी करूनच टाकावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरले जाणार नाही. काढलेले तेल गटारात न ओतता अधिकृत संकलकाकडे सोपवावे.