तापाचा रकाना

२०२३ च्या डिसेंबरात भाच्याबरोबर तहसील कचेरीत गेलो होतो. त्या दिवसांत मराठा आरक्षणासाठी गावोगावची जुनी दप्तरं सुटत होती आणि जो तो त्यांत 'कुणबी' हा एकच शब्द शोधत होता. आमच्या घराण्याची नोंद कोतवाल बुकात असेल असं कुणीतरी सांगितलं होतं. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना चौदा, गावच्या जन्ममृत्यूचं रजिस्टर. मोडीत लिहिलेलं, कडा कसरीनं खाल्लेल्या, पान उलटलं की बोटाला तपकिरी भुगा लागायचा. वाचायला एक निवृत्त गुरुजी बसले होते. ते ओळीवर बोट ठेवून पुटपुटत जायचे, नाव, जात, वय, कारण. पटकी, देवी, हगवण, म्हातारपण. १९१८ च्या ऑक्टोबरात शिरले आणि त्यांच्या वाचनाची लयच बदलली. ताप. ताप. ताप. पान उलटलं, तरी ताप. गुरुजींनी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "मानमोडी."

हा शब्द मी लहानपणी आजीच्या तोंडून ऐकला होता, शिवीसारखा. "तुला मानमोडी येवो" असं ती शेजारच्या द्वाड गाईला म्हणायची. तो एका साथीचा शब्द आहे हे फार उशिरा कळलं. शहरातली मंडळी 'इन्फ्लुएन्झा' म्हणत. जगानं त्याला 'स्पॅनिश फ्लू' म्हटलं ते केवळ एवढ्यासाठी, की महायुद्धात तटस्थ असलेल्या स्पेनमध्ये वर्तमानपत्रांवर लष्करी सेन्सॉर नव्हता आणि तिथल्या बातम्या छापून येत होत्या. स्पेनशी या रोगाचा याहून जास्त संबंध नाही. मानमोडी हे नाव त्या मानानं प्रामाणिक. रोगी मान टाकायचा, म्हणून मानमोडी.

मुंबईतली सुरुवात बरीचशी ठाऊक आहे. १० जून १९१८ ला पोलिसांच्या रुग्णालयात सात शिपाई दाखल झाले. अंगात ताप, पण मलेरियाचा नव्हे. त्यांतला एक गोदीवर नेमणुकीला होता. पाठोपाठ गोदीतले कामगार, जहाज कंपन्यांचे नोकर, पोर्ट ट्रस्ट, टांकसाळ, तारखातं, गिरण्या असा ताप पसरत गेला. म्युनिसिपालिटीचे आरोग्य अधिकारी डॉ. जे. ए. टर्नर यांचं म्हणणं होतं, की मेच्या अखेरीस बंदराला लागलेल्या सैनिकांच्या जहाजानं हा रोग आणला आणि तो चोरपावलानं शहरात शिरला. बंदराच्या बाजूनं उलट दावा झाला, की जहाजावरच्या लोकांनाच रोग मुंबईत लागला. ताप कुठूनही आलेला असो, तो आपल्या खात्यातून आला नाही हे सिद्ध करण्यात दोन्ही बाजूंना बराच रस होता.

जूनची ती लाट तशी सौम्य होती. कचेऱ्यांत कारकून नाहीत म्हणून साहेब कुरकुरले, घरोघर दोन-चार माणसं आडवी झाली आणि उठली. जुलैत ओसरली. लोकांना वाटलं, आला तसा गेला.

मग पावसानं दगा दिला. १९१८ चा मोसमी पाऊस देशाच्या मोठ्या भागात फसला. महायुद्धामुळे धान्य आधीच महाग होतं, त्यात खरीप गेलं. वैरण नाही, विहिरी आटलेल्या, दख्खनच्या गावांतली माणसं कामाच्या शोधात मुंबईकडे निघालेली. सप्टेंबरात दुसरी लाट उठली ती या अर्धपोटी माणसांवर. मुंबई-पुण्याकडून ती दख्खनभर पसरली, पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडात गेली, मग उत्तरेला. प्रवास रेल्वेचा होता. रजेवर किंवा सुटून घरी निघालेले सैनिक, गिरणीतून गावी पळालेले कामगार, सगळे त्याच तिसऱ्या वर्गाच्या डब्यांत. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबई शहरात ७६८ माणसं मेली. घट नुकतेच बसले होते. स्मशानांत लाकडं पुरत नव्हती.

ही लाट जूनच्या तापासारखी नव्हती. पहिल्या दिवशी कणकण आणि अंगदुखी, मग छाती भरायची, रोग्याचे ओठ निळे पडायचे आणि कित्येक जण दोन-तीन दिवसांत जायचे. एरवी तापात म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं जातात. इथं वीस ते चाळीस या वयातली धडधाकट माणसं गेली आणि हिंदुस्थानात त्यातही बायका जास्त. याची कारणं सांगणारे पुष्कळ सिद्धान्त आहेत. मला त्यातलं एक साधं कारण पटतं. घरात सगळे पडले, तरी पाणी आणायला, चूल पेटवायला आणि आजाऱ्याजवळ बसायला बाईच उठायची. ती अंगात ताप घेऊन उठायची आणि उपाशी राहण्यात तिचाच नंबर पहिला असायचा.

त्या वेळच्या डॉक्टरांच्या पेटीत डोकावून पाहण्यासारखं आहे. क्विनीन होतं, कारण ताप म्हटला की पहिला संशय मलेरियाचा. ॲस्पिरीन होतं, आणि ते कधी कधी इतक्या मोठ्या मात्रेत दिलं गेलं की त्यानंच काही रोगी दगावले असावेत, असा तर्क अलीकडच्या काळात मांडला गेला आहे. छातीला चोळायला निलगिरीचं तेल, शक्तीसाठी ब्रँडी, गुळण्यांसाठी पोटॅशियम परमँगनेटचं जांभळं पाणी. यांतल्या कशानंही रोग बरा होत नव्हता. बहुतेक रोगी इन्फ्लुएन्झानं अशक्त झालेल्या फुप्फुसात दुसरे जंतू शिरून, म्हणजे न्यूमोनियानं, मेले असं आज मानलं जातं. त्यावर चालणारं पेनिसिलिन अजून सापडायचं होतं.

शास्त्रज्ञांची अवस्था डॉक्टरांहून बरी नव्हती. रिचर्ड फायफर या जर्मन जंतुशास्त्रज्ञानं १८९२ मध्ये एक जंतू दाखवून हाच इन्फ्लुएन्झाचं कारण, असं सांगितलं होतं. सव्वीस वर्षं जगानं ते मानलं. १९१८ मध्ये जगभर सूक्ष्मदर्शकाखाली तोच जंतू शोधला जात होता. काही रोग्यांत सापडायचा, काहींत नाही. तरी लशी त्याच्या आणि इतर जंतूंच्या मिश्रणाच्या बनल्या. खरा गुन्हेगार विषाणू आणि तो त्या सूक्ष्मदर्शकाला दिसणं शक्यच नव्हतं. माणसाच्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये, लंडनमध्ये, तोही फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या कृपेनं. आजारी फेरेट संशोधक विल्सन स्मिथ यांच्या तोंडावर शिंकला आणि स्मिथ आजारी पडले. रोग असाच पसरतो याचा याहून धडधडीत पुरावा कुठला?

परळची जंतुशास्त्र प्रयोगशाळा, आजची हाफकिन संस्था, तेव्हा ग्लेन लिस्टन यांच्याकडे होती. प्लेगचा जंतू उंदराच्या पिसवेतून माणसात येतो हे दाखवून देणाऱ्यांत लिस्टन होते. प्लेगमध्ये बोट दाखवायला उंदीर तरी होता. घरात मेलेला उंदीर दिसला की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या हे लोक शिकले होते. इन्फ्लुएन्झात बोट दाखवायचं कशाकडे? गर्दीत जाऊ नका, उघड्यावर झोपा, असं टर्नरसाहेब सांगत होते. सल्ला वाईट नव्हता. पण एका खोलीत दहा माणसं असलेल्या चाळीत तो कुणी पाळायचा, एवढंच त्यांनी सांगितलं नव्हतं.

औषध नसलेल्या रोगात जगवते ती शुश्रूषा. वेळेवर पाणी, पातळ पेज, अंगावर कांबळं, कूस बदलायला कुणीतरी. म्हणून कोण मेलं याचे आकडे वैद्यकापेक्षा समाजाविषयी जास्त बोलतात. मुंबई शहराचे १९१८ चे जातवार आकडे उपलब्ध आहेत. दर हजारी मृत्यू युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९ आणि सरकारी कागदांनी 'हलक्या जातीचे हिंदू' म्हणून ज्यांची वेगळी नोंद केली त्यांच्यात ६१.६. विषाणूला जात कळत नाही असं म्हणायची पद्धत आहे. त्याला कळत नसेल, पण नळ किती लांब आहे, खोलीला खिडकी आहे का, डॉक्टर उंबऱ्याच्या आत येतो का, हे सगळं जातीनंच ठरलेलं होतं. डॉ. आंबेडकर त्याच वर्षी नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक म्हणून रुजू झाले, ही लाट शहरावरून नुकतीच गेली असताना.

सरकार कुठं होतं? इंडियन मेडिकल सर्व्हिसचे बरेच डॉक्टर मेसोपोटेमियात आणि इतर आघाड्यांवर. जे होते ते मोठ्या शहरांत. खेड्यात दवाखाना म्हणजे दहा-वीस मैल बैलगाडी. वैद्य-हकिमांना तर १९१२ च्या मुंबई मेडिकल ॲक्टनं नोंदणीतूनच वगळलं होतं, पण ऑक्टोबरात लोकांच्या दारात जाणारा पुष्कळ ठिकाणी तोच एक होता.

पोकळी भरली ती स्वयंसेवकांनी. ना. म. जोशींनी १९११ मध्ये मुंबईत काढलेली सोशल सर्व्हिस लीग, गोखल्यांची सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, जातीजातींची मंडळं, कॉलेजातली पोरं. दूध, औषधाच्या बाटल्या, कांबळी घेऊन ती चाळी चढत होती. पैसा व्यापाऱ्यांनी दिला. ही माणसं पहिल्यांदाच इतक्या मोठ्या संख्येनं गिरणगावच्या खोल्यांच्या आत गेली. जानेवारी १९१९ मध्ये मुंबईत लाखावर गिरणी कामगारांचा संप झाला आणि जोशी पुढच्याच वर्षी आयटक या कामगार संघटनेच्या स्थापनेत होते. एकातून दुसरं निघालं असा दावा मी करणार नाही, पण त्या दोन्ही वाटा त्याच जिन्यांवरून गेल्या.

एक गैरसमज इथंच निस्तरतो. गांधीजींनाही १९१८ मध्ये इन्फ्लुएन्झा झाला होता, असं लेखालेखांत वाचायला मिळतं. गांधीजी त्या वर्षी मरणाच्या दारी जाऊन आले हे खरं, पण ते अतिसारानं, खेडा जिल्ह्यातल्या सैन्यभरतीच्या धावपळीनंतर. इन्फ्लुएन्झानं त्यांच्या घरावर घाला घातला तो वेगळा. थोरला मुलगा हरिलाल याची पत्नी त्यात गेली.

आता मला खरं कोडं वाटतं ते सांगतो. प्लेग आपल्याला पाठ आहे. १८९६ चं वर्ष, पुण्यातली घरझडती, रँड, चाफेकर, रोग्याची सेवा करताना गेलेल्या सावित्रीबाई, १९०५ मध्ये हुबळीत गेलेले केशवसुत. १९१८ म्हटलं की मात्र युद्ध संपल्याची तारीख आठवते. प्लेगनं पहिल्या वीस-बावीस वर्षांत हिंदुस्थानात सुमारे एक कोटी माणसं नेली. इन्फ्लुएन्झानं तीन-चार महिन्यांत त्याहून जास्त. सरकारचा पहिला अंदाज साठ लाखांचा, १९२१ च्या शिरगणतीनंतर तो सव्वा कोटीच्या आसपास गेला आणि पुढच्या अभ्यासकांचे आकडे पावणेदोन कोटींपर्यंत पोचतात. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात यात इतकी माणसं मेली नाहीत.

माझं मत असं, की प्लेग लक्षात राहिला तो भांडणामुळे. प्लेगात गोरे सोजीर देवघरापर्यंत शिरले, बायकांच्या अंगाला हात लावून गाठी तपासल्या, बिछाने जाळले. त्यावर अग्रलेख आले, खटले झाले, फाशी झाली. सरकारनं पोळलेला हात मागं घेतला आणि १९१८ मध्ये तो पुढं केलाच नाही. १८९७ चा साथरोग कायदा हाताशी होता, पण मोठी सक्ती नाही, झडती नाही, आणि मदतही बेताचीच. जो दारात येतो त्याच्याशी भांडता येतं. जो आलाच नाही त्याच्याविरुद्ध पोवाडा कसा रचायचा? हिंदीत निरालांनी तो काळ लिहिला, त्यांचं अर्धं घर त्यात संपलं होतं. मराठीत तेवढ्या ताकदीचं पान माझ्या वाचनात नाही.

आकडे मात्र विसरलेले नाहीत. भूगोलाच्या पुस्तकात १९२१ ला महाविभाजक वर्ष म्हणतात, हे आपण दहा मार्कांसाठी पाठ केलेलं असतं. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या ०.३१ टक्क्यांनी घटली. शिरगणतीच्या इतिहासात लोकसंख्या घटलेलं हे एकमेव दशक. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत घट २.९१ टक्के. २ कोटी १४ लाख ७४ हजारांवरून २ कोटी ८ लाख ४९ हजारांवर. या दशकात प्लेग होता, दुष्काळ होता, सगळं पाप मानमोडीच्या माथी मारता येणार नाही. पण सगळ्यात मोठा घास तिचा. आणि मेलेली माणसं आई-बाप होण्याच्या वयातली, त्यामुळे पुढच्या वर्षी पाळणेही कमी हलले.

हे आकडे तरी आले कुठून? पाटील आणि कोतवालाकडून. गावात कोण मेलं ते त्यांनी सांगायचं आणि ठरलेल्या रकान्यात घालायचं. रकाने होते पटकीचे, देवीचे, प्लेगचे, तापाचे, हगवणीचे. इन्फ्लुएन्झाचा नव्हता. वर बसलेल्या सॅनिटरी कमिशनरांनी मग मागच्या वर्षांच्या तापाची सरासरी वजा करून उरलेले ते इन्फ्लुएन्झाचे, असा हिशेब मांडला. ज्या गावात नोंदवणाराच आडवा झाला तिथल्या नोंदी कुणी घातल्या असतील? काही गावांत त्या आठवड्यांची पानं कोरी असतील, तर तिथं कुणी मेलं नाही असं समजण्यात अर्थ नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला गुरुजींचं बोट थांबलं. आमचं आडनाव. आजोबांचा थोरला चुलता, वय पंचवीस, जात कुणबी, कारण ताप. त्याच्याखालच्या ओळीत त्याची बायको. घरात या दोघांचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. फोटो नाही, पितरांच्या पानात उल्लेख नाही.

"मामा, सापडली नोंद!" भाचा इतक्या मोठ्यानं म्हणाला की पलीकडच्या टेबलावरची माणसं उठून आली. त्यानं मोबाइल काढला, त्या एका ओळीचा फोटो घेतला आणि बोटांनी मोठा करून जातीचा रकाना स्पष्ट येतोय ना ते पाहिलं. मी कारकुनांना विचारलं, नकलेत मृत्यूचं कारणही येईल का?

"येईल की," ते म्हणाले. "पण ते काही लागत नाही."

गुरुजींनी भिंग उचललं आणि पान उलटलं. मागं बाकावर अजून नऊ-दहा जण बसले होते.