ओल्या काचेवरची अक्षरं

दवाखान्याच्या काचेच्या दारावर नाव लावायला आलेला रेडियमवाला पिशवीतून आधी काढतो ती फवाऱ्याची बाटली. पाण्यात शॅम्पूचे चार-दोन थेंब. काच पुसून झाली की तो ती चिंब भिजवतो, अक्षरांच्या पाठचा कागद सोलतो, चिकट बाजूवरही एक फवारा मारतो आणि पूर्ण नाव ओल्या काचेवर अलगद टेकवतो. मग दोन्ही तळव्यांनी ते सरकवत ओळ सरळ करतो. जिथे चिकटवायचं तिथेच पाणी? शेजारच्या दुकानाच्या पत्र्याच्या पाटीवर मात्र हाच माणूस पाण्याचा थेंबही लागू देत नाही.

बोलीत आपण याला रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियम नसतं. तो असतो पीव्हीसीचा, म्हणजे व्हिनाइलचा, मऊ केलेला पातळ पापुद्रा. रोलरांतून लाटून काढलेला साधारण ७५ ते १०० मायक्रॉन जाडीचा, तर भारी प्रतीचा ओतीव ५० मायक्रॉनच्या आसपास. त्याच्या पाठीवर बहुधा ॲक्रिलिक गोंदाचा थर असतो.

हा गोंद सुताराच्या गोंदासारखा वाळून घट्ट होत नाही. तो कायम मऊच राहतो. दाब दिला की अतिघट्ट पाकासारखा सावकाश पसरतो आणि काचेच्या बारीकसारीक उंचसखलपणात शिरतो. ओढायला गेलं की घन पदार्थासारखा विरोध करतो. त्याला धरून ठेवणारी रेणूंमधली ओढ एका नॅनोमीटरच्या आसपासच जोर दाखवते. म्हणून अशा गोंदाच्या बाबतीत चिकटणं म्हणजे अगदी जवळून स्पर्श होणं. मध्ये हवा, धूळ किंवा पाणी राहिलं, तर तेवढ्या जागेपुरती पकड नाही.

कोरड्या पद्धतीत हा स्पर्श पहिल्या क्षणीच होतो. उन्हात तापलेल्या पत्र्यावर गोंद आणखी मऊ पडतो आणि टेकताक्षणी धरतो. मग तिरकं लागलेलं अक्षर सोडवताना व्हिनाइल ताणलं जातं. म्हणून कसबी कारागीर नाव आधी मधोमध टेपने बिजागरीसारखं अडकवतो, एका बाजूचा कागद सोलतो आणि पट्टीने मधून कडेकडे दाबत जातो, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. लहान अक्षरांना आणि पत्र्याला हीच रीत बरी, कारण पकड लवकर येते.

मोठ्या काचेवर भलंमोठं चित्र लावताना मात्र चूक सुधारायला वेळ हवा असतो. तो वेळ पाणी देतं. पण नुसतं पाणी चालत नाही. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो, त्यामुळे गोंदावर त्याचे थेंब गोळा होतात आणि मधल्या कोरड्या जागी गोंद काचेला धरतो. साबणाने हा ताण निम्म्याच्या आसपास येतो आणि पाण्याचा सलग पडदा पसरतो. अक्षरं त्याच्यावर तरंगतात. साबण जास्त झाला तर मात्र त्याचा थर मागे राहून पकड कमजोर करतो.

जागा ठरली की पट्टी फिरते आणि पाणी कडांनी वाहून जातं. तरीही थोडं उरतंच. काचेतून ते जाऊ शकत नाही. गोंदातून आणि व्हिनाइलमधून वाफेच्या रूपाने हळूहळू निघतं. म्हणूनच ओल्या कामानंतर एक-दोन दिवस अक्षरांमागे पांढुरकी झाक दिसू शकते. अक्षरं धरून ठेवणारी वरची टेप लगेच ओढली, तर कोवळी पकड हरते आणि ‘का’चा काना किंवा अनुस्वाराचं टिंब टेपबरोबर उठून येतं.

काही व्हिनाइलच्या गोंदातच हवा निघून जायला सूक्ष्म खाचा असतात. ते कोरडंच लावायचं, कारण त्या खाचांत शिरलेलं पाणी अडकून बसतं.

दारावरचा कारागीर टेपच्या कोपऱ्याला हात न लावता नुसता उभा दिसला, तर त्याला घाई करू नये. त्या वेळी पाणी बाहेर पडत असतं आणि गोंद काचेपर्यंत पोचत असतो. त्याचं थांबणं हाही कामाचाच भाग आहे, आणि त्याची मजुरी देताना आपण तो धरायला हवा.