दुबई तीन तासांवर, पण भेंडीचे घड्याळ शेतातच सुरू होते

मुंबई ते दुबई हवाई अंतर साधारण १,९३० किलोमीटर. विमानाला तीन-सव्वातीन तास लागतात. तिथले घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. म्हणजे सकाळी सहाला सुटलेला माल तीन तासांत पोचला, तर तिथे साडेसातच वाजलेले असतात! हे ऐकून पुष्कळांना वाटते, दुबईला भेंडी पाठवणे म्हणजे तालुक्याच्या बाजाराला जाऊन येणे. तसे नाही बरं का.

भेंडीचे वय देठ तोडला तेव्हापासून मोजा. तोडणी, निवड, पॅकहाऊस, ट्रक, मग विमानतळावर फायटोसॅनिटरी दाखला आणि कस्टमची तपासणी. यात एक-दीड दिवस सहज जातो. तेवढ्यात माल उन्हात तापला, तर तिकडे काळपट, वातड शेंगाच उतरणार. म्हणून पहाटे तोडा, लगेच सावलीत न्या, ओली भेंडी खोक्यात भरू नका. शीतगृहात ८ ते १० अंश पुरे. फार गार केली तर शेंगेवर खड्डे, डाग पडतात.

आता भाड्याचे. विमानात ते नुसत्या वजनावर नसते. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, ६,००० ने भागा. हा आकडा प्रत्यक्ष किलोंपेक्षा मोठा आला, तर आकारणी त्यावर. खोके ढिले भरले की आतल्या हवेचेही भाडे आपणच भरतो.

कांद्याला ही घाई नाही. तो न्हावा शेवाहून बोटीने जातो. दिवस लागतात, पण भाडे कमी; वाटेत वारा खेळता राहिला म्हणजे झाले.