यंत्राचा ज्वर कोणी पाहावा?

स्मरणिकेसाठी सर्वांच्या उपयोगी पडेल असे काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा विषयासाठी मला दूर जावे लागले नाही. शाळा, ग्रंथालये, पतपेढ्या आणि आपल्या न्यासासारख्या संस्था यांच्या नोंदी कपाटातील बासनांतून निघून आता सर्व्हर नावाच्या यंत्रात जाऊन बसल्या आहेत. बासनाला वाळवी लागली तर ती डोळ्यांना दिसे. या नव्या कपाटाची वाळवी म्हणजे उष्णता, आणि ती दिसत नाही. ती कशी पाहावी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

प्रथम एक अनुभव सांगतो. एका शाळेत सर्व कारभार एकाच सर्व्हरवर होता. मे महिन्याची सुट्टी लागली. धूळ बसू नये म्हणून कोणी सद्भावनेने यंत्राचे कपाट लावून घेतले. आमच्या भागात त्या दिवसांत पारा चाळिशी ओलांडतो. शाळा उघडली तेव्हा यंत्र बंद. चालू केले की अर्ध्या तासाने आपोआप पुन्हा बंद. दोन दिवस सारेजण सॉफ्टवेअरला दोष देत राहिले. बाहेर दाखल्यांसाठी पालकांची रांग लागली होती. एका मुलीच्या प्रवेशाची मुदत त्याच सायंकाळी संपत होती. तिचा दाखला शेवटी जुन्या रजिस्टरावरून हाताने लिहून दिला, म्हणून तिचे वर्ष वाचले. तिसऱ्या दिवशी झाकण काढले तेव्हा दिसले, की एक पंखा मुळी फिरतच नव्हता. किंमतीने तो काही शे रुपयांचा होता.

आता हे यंत्र कसे असते ते पाहू. एका दणकट संगणकात अनेक काल्पनिक संगणक चालविण्याच्या पद्धतीस व्हर्च्युअलायझेशन म्हणतात. प्रॉक्समॉक्स, व्हीएमवेअर ही त्यासाठी वापरली जाणारी नावे काहींच्या कानावरून गेली असतील. खऱ्या यंत्रास यजमान म्हणतात, आतील काल्पनिक संगणकांस पाहुणे. एक पाहुणा हिशेब ठेवतो, दुसरा ग्रंथालय सांभाळतो, तिसरा निकाल. प्रत्येकास वाटते की आपणास स्वतंत्र घर आहे. परंतु त्यास दाखविलेला मदरबोर्ड काल्पनिक असतो, आणि काल्पनिक मदरबोर्डाला ताप येत नाही. म्हणून पाहुण्यात बसून उष्णतामान विचारले तर उत्तर मिळत नाही, किंवा मिळाले तरी त्यात अर्थ नसतो. आमच्या शाळेत दोन दिवस वाया गेले ते याच कारणाने. आम्ही पाहुण्यांच्या नोंदवह्या चाळीत बसलो, आणि त्या सर्व निर्दोष होत्या. ज्वर यजमानाला होता.

सर्व्हर जी वीज घेतो, ती जवळजवळ सारी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. तीनशे वॅट घेणारे यंत्र म्हणजे साठ वॅटचे जुने पाच दिवे अहोरात्र एका पेटीत जळत ठेवण्यासारखे आहे. ही उष्णता पंखे बाहेर लोटतात. अनेक इंटेल प्रोसेसरांची मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तेथवर पोहोचताच प्रोसेसर आपली गती स्वतःच कमी करतो, आणि सर्व पाहुणे एकदम मंदावतात. तरीही उष्णता चढत राहिली, तर जीव वाचविण्यासाठी यंत्र स्वतः बंद होते.

मोजमापाची साधने यंत्रात मुळातच बसविलेली असतात. प्रोसेसरच्या पोटात उष्णतामापक असतो, मदरबोर्डावर निराळे असतात, डिस्कला स्वतःचा असतो. डिस्कच्या ‘स्मार्ट’ नावाच्या तक्त्यात क्रमांक १९४ ची नोंद बहुधा उष्णतामानाची असते. पंख्याच्या तीन तारांपैकी दोन विजेच्या असतात. तिसरीतून प्रत्येक फेऱ्यास साधारणतः दोन ठोके येतात. सेकंदास साठ ठोके आले, तर फेरे तीस, म्हणजे मिनिटास १८००. चौथी तार असल्यास तिच्यावरून पंख्यास वेग कमीजास्त करण्याची आज्ञा जाते.

ही मापे वाचण्याचे मार्ग दोन. यजमानावर लिनक्स असेल, तर ‘एलएम-सेन्सर्स’ हा मोफत प्रोग्राम घालावा. त्यातील ‘सेन्सर्स-डिटेक्ट’ ही आज्ञा मापक शोधून काढते, आणि ‘सेन्सर्स’ ही आज्ञा आकडे समोर मांडते. लिनक्स ही मापे अंशाच्या हजाराव्या भागात लिहून ठेवते. मूळ फाइलीत ४५००० दिसले तर घाबरू नये. ते ४५ अंश होत. दुसरा मार्ग चांगल्या सर्व्हरांत असतो. त्यांच्या मदरबोर्डावर देखरेखीसाठी एक चिमुकला स्वतंत्र संगणक असतो. मुख्य यंत्र बंद असले, तरी विजेची तार जोडलेली आहे तोवर तो जागा राहतो. त्याच्याशी बोलण्याची ‘आयपीएमआय’ ही पद्धत इंटेल, डेल, ह्यूलेट-पॅकार्ड आणि एनईसी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे २०१५ मध्ये ‘रेडफिश’ ही नवी पद्धत आली.

आकडे मिळाले, तरी ते समजून घ्यावयास हवेत. मापक जोडलेलाच नसेल, तर कधी १२७ अंश, कधी शून्याखालचा आकडा दिसतो. तो ताप नव्हे. पंख्याची रिकामी जागा शून्य फेरे दाखविते. २०१७ मध्ये निघालेले रायझन ७ पैकी १७००एक्स आणि १८००एक्स हे प्रोसेसर पंख्यांच्या सोयीसाठी आपले उष्णतामान मुद्दाम वीस अंश वाढवून सांगत. यासाठी यंत्र नवे व निरोगी असतानाच त्याचे सर्व आकडे एका कागदावर लिहून ठेवावेत. पुढे तुलना त्या कागदाशी करावी.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. केवळ उष्णतामान पाहून भागत नाही. जाळीत धूळ साचू लागली, की यंत्र पंखे जोराने फिरवून उष्णतामान पूर्वीच्याच ठिकाणी राखते. महिनोन्‌महिने काटा ५५ अंशांवर स्थिर दिसतो. फेरे मात्र १८०० वरून २४००, मग ३००० होतात. पंखे आणखी वेगाने फिरू शकेनासे झाले, म्हणजे काटा एकाएकी वर चढतो. तेव्हा उष्णतामान आणि फेरे ही दोन्ही मापे, खोलीच्या उष्णतामानासह, शेजारी शेजारी ठेवून पाहावीत. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंशांची असावी, अशी अमेरिकेतील ‘अ‍ॅश्रे’ या संस्थेची शिफारस आहे.

दिवसभर आकड्यांकडे बघत कोणी बसू शकत नाही. दर मिनिटास मापे टिपून ठेवणारा आणि मर्यादा ओलांडताच ई-मेल पाठविणारा छोटा प्रोग्राम पुरेसा आहे. मर्यादा दोन ठेवाव्यात: पहिली सावध करणारी, दुसरी धोक्याची. क्षणभराच्या चढावर निरोप पाठवू नये. पाच मिनिटे चढ टिकला तरच पाठवावा. उठल्यासुटल्या घंटा वाजू लागली, तर ती कोणी ऐकेनासे होते. निरोप पोहोचविणारा पहारेकरी त्याच यजमानाच्या पोटातील पाहुणा नसावा. घर कोसळले तर त्यासह तोही गप्प होईल. यजमानाकडून मापे येणेच थांबले, तर तीही खूण समजावी, अशी व्यवस्था बाहेरच्या दुसऱ्या यंत्रावर हवी.

आमच्या शाळेने पुढे इतकेच केले. कपाटाला जाळीचे दार बसविले. एक जास्तीचा पंखा आणून ठेवला. निरोप दोन माणसांकडे जाईल असे केले. त्यांतील एकजण सुट्टीतही गावात असतो. त्यानंतरच्या एका मे महिन्यात रात्री सावधगिरीचा निरोप आला. सकाळी पंखा बदलण्यास दहा मिनिटे लागली, आणि दाखल्यांच्या खिडकीशी कोणासही थांबावे लागले नाही.

आपल्या न्यासाच्या नोंदींत कित्येक मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि कित्येक कुटुंबांची कागदपत्रे आहेत. ती ज्या यंत्रात आहेत, त्याचा ज्वर पाहण्याचे काम कोणा एका सभासदाच्या नावावर लिहिले जावे, एवढीच या महोत्सवी वर्षात नम्र विनंती.