वुजू करताना पायही पाहा

थंडीत मोहर्लीला फजरच्या वुजूचे पाणी पायांवर पडले की झोप कुठल्या कुठे पळते. गेल्या हिवाळ्यात आमच्या नात्यातल्या चाचांना मात्र ते पाणी गार लागलेच नाही. अंगठ्यात बाभळीचा काटा मोडून आठवडा झाला होता. दुखत नाही म्हणून ते कुणाला बोलले नाहीत. अंगठा काळा पडल्यावर आम्ही त्यांना चंद्रपूरला नेले. अंगठा काढावा लागला.

“एवढ्याशा काट्याने?” चाची विचारत राहिल्या.

दोष काट्यापेक्षा वर्षानुवर्षे अंगावर काढलेल्या साखरेचा होता. साखरेने पायाच्या नसा बधिर होतात, हे आपण ऐकतो. जखम भरत का नाही, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या काही मूळ पेशी रक्तातून फिरत असतात. रक्तवाहिनीचे आतले अस्तर बिघडले की त्या डागडुजीला मदत करतात. मोठ्या माणसाच्या रक्तातही अशा पेशी असतात, हे १९९७ मध्ये ताकायुकी असाहारा व सहकाऱ्यांनी मांडले. मधुमेहात त्यांची संख्या घटते, कारण मगजातून रक्तात उतरण्याची त्यांची वाटच अडते.

दुसरे नुकसान चुन्याचे. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियमचे क्षार साठतात. भिंतीतल्या स्नायूपेशीच हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात. इटलीतल्या पादुआच्या फादिनी व सहकाऱ्यांना २०११ मध्ये आणखी एक गोष्ट आढळली. मगजातूनच आलेल्या, चुना साठवणाऱ्या पेशी मधुमेहींच्या रक्तात जास्त होत्या. म्हणजे डागडुजी करणारे गवंडी कमी, आणि भलत्या जागी चुना थापणारे जास्त!

यात एक फसगतही आहे. पायाची रक्तवाहिनी चुन्याने कडक झाली की पट्टा आवळूनही ती दबत नाही. मग घोट्याजवळ मोजलेला दाब चांगला दिसतो, पण बोटांपर्यंत रक्त पुरेसे पोहोचत नसते. अशा वेळी डॉक्टर बोटाचा दाब किंवा डॉपलर तपासणी सांगतात. ती टाळू नये.

“मग दूध बंद करायचे का?” असेही आम्हाला विचारले गेले. नाही. या चुन्याचे खापर दुधावर फोडता येत नाही. साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवणे, तंबाखू-बिडी सोडणे, हाच उपाय. साखर सुधारल्यावर डागडुजीच्या पेशी वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे.

२०११ च्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ८.४ टक्के लोक मधुमेही आढळले. म्हणजे शंभरातले आठ. आपल्या मोहल्ल्यातही ते असणारच.

वुजूसाठी आपण दिवसातून अनेकदा पाय धुतो. तेव्हा बोटांच्या बेचक्या आणि तळवे नीट पाहावेत, मग कोरडे पुसावेत. पाणी कोमट आहे का, हे आधी हाताने बघावे. अंगणातही अनवाणी जाऊ नये. लालसरपणा, फोड, काटा दिसला तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

चाचांना वाकून तळवे दिसत नाहीत. आता इशाच्या नमाजनंतर चाची आरसा धरतात.